बारावीनंतरचा रविवार

निकाल लागले की आमच्या बारामतीच्या ख्रिस्ती मंडळीत एक रिवाज आहे. पुढच्या रविवारी पास झालेली मुलं वेदीसमोर रांगेनं उभी राहतात. पाळकसाहेब प्रत्येकाला विचारतात, "पुढे काय?" उत्तर मिळालं की डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. वर्षानुवर्षं मी हा कार्यक्रम बायकांच्या बाजूला, पंख्याखालच्या बाकावर बसून पाहत आले. मुली म्हणायच्या, "नर्सिंग." मुलगे खाली मान घालून म्हणायचे, "देवाची जशी इच्छा." आणि सगळी मंडळी आमेन म्हणून चहाला उठायची.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेतल्या तीन पिढ्या सांगतील. देवाची इच्छा देवाला ठाऊक, पण प्रवेशाची शेवटची तारीख आमच्यातल्या एकालाही ठाऊक नसायची! घरी विचारलं तर "प्रार्थनेत ठेवलंय" असं सांगायचे. प्रार्थनेत ठेवलेली गोष्ट मग कुणी उघडूनच बघत नसे. दोन हुशार मुलं अशी प्रार्थनेत राहून वर्षभर घरी बसली, तेव्हा मी पाळकसाहेबांना म्हटलं, "संडे स्कूलची खोली मला द्या. उपासनेनंतर एक तास." मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, घरात मला कुणी ओरडू देत नव्हतं आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतंच.

अकरावी-बारावीची मुलं यायला लागली. काही गावातली, काही पिंपळीची, एकदोन तर एसटीनं इंदापूर तालुक्यातून. माझी पद्धत सोपी होती. एकेकानं बाकावर उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं: मला काय करायचंय, त्यासाठी काय लागतं आणि घरात आडवं कोण येतंय. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांची दातखीळ बसायची. आईबापाविरुद्ध देवळाच्या आवारात बोलायचं म्हणजे काय! मी म्हणायची, "विरुद्ध नको बोलूस. नुसतं सांग." हळूहळू सांगायला लागली. एका मुलीला खरोखरच नर्स व्हायचं होतं, ते तिनं इतकं ठासून सांगितलं की मला माझी आई आठवली. आई नर्स होती, मावशीही. नर्सिंगवर माझा राग कधीच नव्हता. न विचारता दिलेल्या उत्तरावर होता.

अंथुर्ण्याची एक मुलगी बाकावर चढली तेव्हा तिचा नंबर शेवटचा होता. सडपातळ, आवाज खणखणीत. म्हणाली, "मला शेतकी करायचीय. बी.एस्सी. अ‍ॅग्री." सुट्टीत ती शेजारच्या एका आबांच्या रोपवाटिकेत कामाला जायची. उसाचा एकेक डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा, त्याची रोपं करायची. कुठला डोळा फुटेल आणि कुठला कुजेल हे तिला हातात घेतल्यावर कळायचं, आणि ते का कळतं हे तिला शिकायचं होतं.

"आणि आडवं कोण येतंय?" मी विचारलं.

"देव," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. ती तान्ही असताना न्यूमोनियानं मरायला टेकली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी रात्रंदिवस जागून वाचवली. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. बाळाच्या अर्पणविधीला त्यांनी भर मंडळीत शब्द दिला, की ही पोर आजाऱ्यांच्या सेवेला दिली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तेव्हापासून ती नर्स होणार हे ठरलेलं. आमच्या लोकांत असा शब्द फार जड असतो. माणूस दिलेला चेक परत घेईल, पण मंडळीपुढं दिलेला शब्द नाही.

"मला रक्ताची भीती न्हाय बाई," ती म्हणाली. "मला ऊस आवडतो, एवढंच हाय."

मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले. इंदापूर रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि मी खिडकीतून त्याच्याकडं पाहत मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. तिच्या वडिलांनी "सलाम बाई" म्हणून खुर्ची पुढं केली. आईनं चहा ठेवला. मी पोरीची हुशारी सांगितली, शेतकीनंतरच्या नोकऱ्या सांगितल्या, कारखान्यांना ऊस विकासाला माणसं लागतात हेही सांगितलं. ते सगळं शांतपणे ऐकून घेत होते.

"बाई, तुमी म्हंता ते पटतंय," ते म्हणाले. "पण माणसापुढं बोललो असतो तर मागं घेतलं असतं. देवापुढं बोललेलो हाय. पोर गेलीच व्हती, त्यानं परत दिली. आता त्याला न्हाय कसं म्हनू?"

माझ्याजवळ प्रवेशाच्या तारखा होत्या, कॉलेजांची माहिती होती, ते सगळे कागद मी परत पिशवीत घातले. ते हट्टी असते तर मी त्यांना फैलावर घेतलं असतं. पण ते हट्टी नव्हते, प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणसापुढं माझं काही चालत नाही. परतीच्या एसटीत मी स्वतःवरच चरफडत होते. पाळकसाहेबांना गाठलं तर ते म्हणाले, "प्रार्थनेत ठेवू." मी त्यांच्याशी दोन रविवार बोलले नाही.

मुलीनं दोन्ही प्रवेश परीक्षा दिल्या. नर्सिंगची वडिलांसाठी, शेतकीची स्वतःसाठी. दोन्हींत उत्तम गुण पडले, त्यामुळे नर्सिंगला नापास होऊन सुटायचा मार्गही बंद झाला. नर्सिंग कॉलेजात नाव घालायचं, असं घरात ठरलं.

मग तो रविवार आला. मुलं रांगेत उभी राहिली. त्या वर्षी एकानंही "देवाची जशी इच्छा" म्हटलं नाही. कुणी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक, कुणी कॉमर्स, कुणी पुण्यात हॉटेलचं शिक्षण, प्रत्येकजण मान वर करून सांगत होता. माझ्या शेजारची म्हातारी मला कोपरानं ढोसत म्हणाली, "ही तुझी पोरं व्हय गं?" मी "हो" म्हटलं आणि मला इतका अभिमान वाटला की मी पदर सारखा करायचं निमित्त काढलं.

अंथुर्ण्याच्या मुलीची पाळी आली. पाळकसाहेबांचा हात आधीच वर गेला होता. "पुढे काय?"

"शेतकी," ती म्हणाली.

पाळकसाहेबांचा हात हवेत राहिला. "पण बाळ, तुझं तर अर्पण झालंय. वडिलांनी वचन दिलंय."

ती वळली. पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर वडील बसले होते.

"पप्पा," ती म्हणाली, आवाज जराही न चढवता, "वचन तुमी दिलं. मला तवा बोलता बी येत नव्हतं. देवाला दिलेला शब्द मोडायचा न्हाय, हे तुमीच शिकवलंय. मग मोडू नका. तुमी पाळा. आजाऱ्यांची सेवा तुमी करा. रविवारी दुपारी तुमी नुसतं झोपताच की."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. वडील खाली बघत बसले होते. मला वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाईल आणि पोरीचं घरात उभं राहणंही कठीण होईल. तिची आई बायकांत बसून डोळे मिटून पुटपुटत होती.

ते उठले. पण दाराकडं नाही, पुढं आले. जाडजूड हातांचा तो फिटर त्या शाळकरी पोरांच्या रांगेत, मुलीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "आधी हिच्या डोक्यावर हात ठिवा. शेतकीला जाती म्हून. मग माझ्या ठिवा."

त्या दिवशीसारखं आमेन मी आमच्या मंडळीत कधी ऐकलेलं नाही. मी तर उभी राहून ओरडले. पाळकसाहेबांचे डोळे भरले होते, आणि मी त्यांना तिथल्या तिथं माफ करून टाकलं.

मुलगी शेतकी कॉलेजात गेली. अजून ती रविवारी आली की माझ्या खोलीत नव्या मुलांना बाकावर चढवते, आणि माझ्यापेक्षा वाईट ओरडते.

मध्यंतरी मी रक्तदाब तपासायला मिशनच्या दवाखान्यात गेले. रविवारची दुपार होती. व्हरांड्यात तिचे वडील एका म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीवरून उचलून खाटेवर ठेवत होते. एक पोरसवदा सिस्टर त्यांना दटावत होती, "काका, मानेखाली हात घाला, किती वेळा सांगू?" ते "व्हय सिस्टर, चुकलं," म्हणत होते. खाटेचं चाक करकरत होतं, तेही त्यांनी जाता जाता वाकून बघितलं.

मला पाहून ते आले, हात पुसत उभे राहिले. घाम आला होता. मी विचारलं, "दमता का हो?"

"दमतो की," ते म्हणाले. "बाई, इतकी वर्सं मला वाटत व्हतं, पोर दिली म्हंजे मी सुटलो."

आतून सिस्टरनं हाक मारली आणि ते खुर्ची ढकलत गेले.