मॅडमच्या वाट्याची ओळ

हिंगणीच्या आमच्या वावरात दर हिवाळ्यात वर्ध्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम पोरांना घेऊन वालाच्या शेंगा मोजायला येतात. पर्समधून स्टीलची पट्टी डोकावत असते आणि चालणं असं, की वावर त्यांचंच वाटावं.

पहिल्या वर्षी मी त्यांच्यासाठी आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती. पोरांनी बांधावर बसून शेंगांची लांबी मोजली, सरासरी काढली आणि मग एकेक शेंग त्या सरासरीपासून किती दूर जाते, तेही काढलं. तो आकडा बघून मॅडमनी पिशवी माझ्यापुढे पालथी केली.

"भाऊ, ह्या निवडून देल्या न?"

"मंग? पाहुण्याले वाकडी शेंग कोन देते, मॅडम?"

"यांच्यात फरकच नाई. येल असं एकसारखं देत नाई. मले चांगल्या नाई, जशा येतात तशा पायजे."

मला रागच आला. पण त्या वेलांच्या ओळीत शिरल्या आणि डोळे मिटून हाताला लागेल ती शेंग तोडू लागल्या. आखूड निघाली, "असू दे." किडकी निघाली, "असू दे." त्यांच्या तोंडी तेवढंच.

तेव्हापासून एक ओळ मी त्यांच्यासाठी हात न लावता राखतो. परवा बायको त्या ओळीतली एक वाकडी शेंग तोडून फेकायला गेली. मी म्हटलं, "असू दे. मॅडमची हाये."