भाडेकराराची सातवी अट

दूध उतू गेलं आणि पाच मिनिटांत घरमालकिणीने खोलीची चावी परत मागितली.

रविवार होता. मंचरजवळ, अवसरीच्या रस्त्याला, एका घराच्या माडीवरची खोली. नव्या घरात शिरलं की आधी दूध उतू घालायचं, ही आमची रीत. मालकिणीचीही तीच. म्हणून काकू हौसेने साखरेची वाटी घेऊन वर आल्या होत्या. माझं आडनाव ऐकून त्यांनी मला आपल्यातलीच धरलं होतं. ते आडनाव त्यांच्यातही असतं, आमच्यातही. त्यांनी जात विचारली नाही, मी सांगितली नाही. खरं सांगायचं तर घाबरले होते.

माझे हात पातेल्यात गुंतलेले. वडिलांचा फोन आला. लेकीने स्पीकर लावला.

"जय भीम, बाय! दूध गेलं का उतू?"

काकूंनी वाटीवर पदर टाकला. साखर झाकली!

"तुमी आदी सांगायला पायजे व्हतं."

"काय सांगायला?"

"आमच्या घरात मटण-मच्छी चालत नाय."

खालून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. त्यांच्याच गॅसवरून. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीलाही तो कळला. मी चावी पुढे केली.

"हातात नको. कट्ट्यावर ठिवा."

ठेवली. पातेलं तसंच चिकट, पिशवीत भरलं आणि एसटी धरली.

त्या खोलीवर माझं सगळं अडलं होतं. मी मंचरला स्टँडमागे एका दुकानात भाडेकरार टाइप करते. राहते पिंपरी पेंढारला, वडिलांकडे. आळेफाट्याला गाडी बदलायची. एक गाडी चुकली की माझा खाडा, लेकीची मंचरची शाळा बुडाली. आता खाडा झाला तर दुसरी मुलगी बघू, असं दुकानाचे शेठ तोंडावर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. शिवाशिवीपायी कुणाला राहत्या जागेपासून अडवणं हा गुन्हा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. टेबलामागच्या हवालदार भाऊंनी विचारलं, "त्यांनी जात काढली का?"

नाही.

"मग? मटण नको म्हनल्या. घर त्यांचं."

मी तक्रार न नोंदवताच उठले. कारण ही पळवाट मला पाठ होती. करारातली सातवी अट: 'भाडेकरू शुद्ध शाकाहारी असावा.' आमच्या कॉम्प्युटरमध्ये ती तयारच असते. तीन वर्षं मी ती टाकत आले. मटणाच्या दुकानापुढे रांग लावणारे मालक ती घालून घेत. मला कळत नव्हतं? लख्ख कळत होतं. पगार मिळत होता, बोटं चालत होती. माझ्याच पायावर मी रोज धोंडा पाडून घेत होते, आणि माझ्यासारख्या किती जणींच्या पायावर पाडला देव जाणे. काकूंचा राग आला, त्याहून जास्त माझा मला आला.

गुरुवारी काकूंचे यजमान, नाना, नव्या भाडेकरूला घेऊन दुकानात आले. रविवारी ते शेतावर होते. मला ओळखत नव्हते, पण करारावरचा पत्ता मी ओळखला.

"ताई, ती शाकाहारीची अट टाका बरं का."

"नाना, तुमच्याकडं रविवारी मटण होतं."

नाना हसले. "आवो, आमी खातो की! लई खातो. पन ही अट घातली की जात इचारावी लागत न्हाई. मागल्या रविवारी एक घुसली व्हती, तशीच काढली तिला."

"ती मीच."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी ऐकलं.

"टाक ना गं ती अट," शेठ म्हणाले. "आपल्याला काय करायचंय?"

मी सातवी अट खोडली. या करारातून, आणि तयार नमुन्यातूनही. तक्रार अर्जासाठी नवीन पान उघडलं. वर माझं नाव, जात, पत्ता. खाली नानांचं वाक्य. 'इचारावी लागत न्हाई', जसंच्या तसं. मोठ्याने वाचून दाखवलं आणि साक्षीला सही मागितली. शेठ पंख्याकडे बघत राहिले. नवा भाडेकरू चपला घालून बाहेर गेला. सही कुणीच केली नाही. मग मी ऐकणाऱ्यांची नावं लिहिली. शेठचंही.

"उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाले.

नानांचा आवाज खाली आला. "ताई, मिटवून टाकू. माझ्या भावाची खोली हाय खालच्या आळीला. ती घ्या. अट नाय, काय नाय."

मी प्रिंट काढली. सही केली.

हा अर्ज ठाण्यात जाईल. तिथे घेतला नाही तर वर जाईल, त्याच्याही वर जाईल. नोकरी गेली ती जाऊ दे. भावाची खोली मला नको. मला तीच पाहिजे, माडीवरची. दूध मी तिथेच उतू घालणार. वडिलांचा फोन स्पीकरवरच घेणार. आणि काकू, साखर मी माझी आणीन.