ओनोफ्रे मागे बघत नसे

ओनोफ्रे मान्सिया चालताना मागे बघत नसे. ही खोड नव्हती, कामाची शिस्त होती. एकोणीस वर्षं आम्ही दोघं वरच्या रानातून आलेर्से झाडाच्या फळ्या खांद्यावरून खाडीपर्यंत आणल्या. छपरावर आणि भिंतींवर खवल्यांसारख्या ठोकतात, त्या फळ्या. भार पन्नास-साठ किलोंचा, वाट नऊ किलोमीटरची. पायाखाली आडवे ओंडके आणि त्यांवर बारा महिने शेवाळ. मान वळवली की भार वळतो, भार वळला की माणूस जातो. म्हणून पुढच्याने मागे बघायचं नाही आणि खांद्यावर भार असताना कोणी बोलायचं नाही. मागच्याच्या हातात काठी. दर वीस पावलांनी त्याने ओंडक्यावर एक ठोका द्यायचा. ठोका आला म्हणजे मागचा आहे. नाही आला तर पुढच्याने थांबायचं, भार उतरवायचा, मगच वळायचं. बोलणं विसाव्यावर. नऊ किलोमीटरला चार विसावे.

पुढे तो, मागे मी. त्याचा चेहरा मी कमी पाहिला, पाठ जास्त.

पुढे जिवंत आलेर्से तोडायला बंदी आली, आणि काही वर्षांनी रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं. काम संपलं. मी खाली उद्यानाच्या फाटकाजवळ राहायला आलो. ओनोफ्रे वरच राहिला, शेवटच्या घरापासून तासभर पुढे. त्याची बायको नेलिदा वारली. मुलगी दूर दक्षिणेला, पुंता अरेनासला गेली. ती माझी धर्मकन्या; तिच्या बाप्तिस्म्यापासून आम्ही दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो. वर फोन लागत नाही, म्हणून नाताळला ती माझ्या घरी फोन करते. "बाबा बरे आहेत ना?" "बरे आहेत." तोच निरोप मी उलटा वर पोचवतो.

मग पुएर्तो मोंतच्या एका कंपनीने सहल काढली. दोन दिवस, दोन उद्यानं, मोठी झाडं. पहिला दिवस किनाऱ्याच्या डोंगरात, दुसरा आमच्याकडे, दर गुरुवारी. बरोबर यासना नावाची शिकलेली मुलगी असे. तिला प्रत्येक झाडाचं पुस्तकी नाव येई. वाट माहीत असलेला माणूस हवा म्हणून तिने ओनोफ्रेला घेतलं. तो पुढे, ती सगळ्यांच्या मागे. जेवण माझ्या छपरीत, माझ्या बायकोच्या हातचं.

गुरुवारी ओनोफ्रे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उतरायचा. बाकी सहा दिवस तो कोणाशी बोलत नसे, कारण बोलायला कोणी नव्हतं. एकदा मला म्हणाला, "कोम्पाद्रे, बुधवारी मी जरा मोठ्याने बोलून बघतो. आवाज फुटतो का ते."

यासनाने त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "काका, दोन तक्रारी झाल्या. लोक म्हणतात, म्हातारा पाठ दाखवून चालतो, फोटोलासुद्धा थांबत नाही. तिसरी आली तर साहेब दुसरा माणूस बघणार."

"थांबायला विसावे आहेत की."

"अहो, ते काय भारवाले आहेत?"

"एकेकाचं पोट बघ. भार आहेच."

ती हसली. पण तिसऱ्या तक्रारीचं खरं होतं. गुरुवार गेला तर त्याच्याजवळ काय उरणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही.

जानेवारीतला एक गुरुवार. ऊन होतं, म्हणजे गोमाश्या होत्या. त्या दिवशी सांतियागोचे पाच मित्र आले, एकमेकांशी ओरडूनच बोलणारे. आणि ताल्काची एक निवृत्त शिक्षिका, मिर्ता ओयार्सो, एकटी. वळणांच्या रस्त्याने पाचांतल्या एकाला ओकाऱ्या लागल्या. यासना त्याच्याजवळ खाली थांबली. "काका, आज तुम्हीच न्या. पाच जण आहेत." चौघं मित्र आणि बाई अशा पाच जणांना घेऊन ओनोफ्रे निघाला, आणि मागे कोणी नव्हतं.

पुढचं मला त्याने सांगितलं, थोडं बाईंनी.

तो कानावर चालला. सहलीचे लोक ठोका देत नाहीत, पण बोलतात. बोलणं ऐकू येतंय म्हणजे माणसं आहेत, असा त्याचा हिशोब. चौघं मित्र फुटबॉलवरून भांडत होते. तेवढा आवाज पाच जणांनाही पुरला असता. दुसऱ्या विसाव्यावर तो वळला तर चारच.

"बाई कुठं आहेत?"

"कोण बाई?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "ती होय? मघाशी शेवाळाचे फोटो काढत होती."

"इथंच बसा. उठायचं नाही."

"आणि आम्हाला भूक लागली तर?"

"तर भूक लागलेले बसा."

तो उलटा उतरला. बहात्तराव्या वर्षी, त्या ओंडक्यांवरून, पळत. पहिल्या विसाव्याच्या जरा वर दलदल आहे. तिथं बाईंचा पाय ओंडक्यावरून घसरला होता. मांडीपर्यंत एक पाय चिखलात, हातात बांबूचं झुडूप, तोंडावर गोमाश्या.

"ओढा ना मला!"

"ओढलं तर बूट आत राहील. कदाचित गुडघाही."

"चेष्टा करताय?"

"नाही."

त्याने कोयत्याने बांबू तोडले, चिखलावर आडवे टाकले, त्यांवर गुडघे टेकून बसला. पायाभोवतीचा चिखल हाताने उकरत गेला. बुटाच्या टाचेपाशी पाणी शिरलं पाहिजे. पाणी शिरल्याशिवाय चिखल सोडत नाही. घाई करणारा दोनदा काम करतो. पाय निघाला, बूटही निघाला.

"मी हाक मारली," बाई म्हणाल्या. "दोनदा. तुमची पाठ दिसत होती. तुम्ही बघितलंच नाही."

"मग आणखी का नाही मारली?"

"लाज वाटली. चाळीस वर्षं वर्गावर ओरडले, आता चिखलातून ओरडू?"

तेव्हा त्याने त्यांना ठोक्याचं सांगितलं. भार, मान, वीस पावलं, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सकाळी आम्हाला एक काठी का दिली नाहीत?"

मला तो नंतर म्हणाला, "कोम्पाद्रे, एवढे गुरुवार गेले, सुचलंच नाही."

"खाली नेऊ तुम्हाला?" त्याने बाईंना विचारलं.

"ताल्काहून झाड बघायला आले आहे मी, चिखल नव्हे. काठी द्या."

त्याने एक बांबू तासून दिला. दोघं चढायला लागले. तो पुढे, त्या मागे. वीस पावलं झाली आणि ठोका आला. पुन्हा वीस, पुन्हा ठोका. दुसऱ्या विसाव्यावरून चौघांना उठवलं, त्यांना पुढे घातलं, आणि ठोका चालूच. "तुझ्यापेक्षा नेमका," तो मला म्हणाला. "तू चोविसाव्या-पंचविसाव्याला द्यायचास. मी कधी बोललो नाही."

मोठ्या झाडापाशी चौघांनी फोटो काढले. आठ माणसांच्या कवेत न मावणारं खोड आहे ते. बाई त्याच्याजवळ मुळावर बसल्या.

"इथं तुम्ही लोकांना काय सांगता?"

"यासना सांगते. तीन हजार वर्षं वगैरे."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो." मग खोडावर हात ठेवून म्हणाला, "याचं लाकूड पिळाचं आहे. सरळ फाटत नाही. एकही फळी निघाली नसती. आमच्या कामाचं नव्हतं, म्हणून उभं आहे."

बाई हसल्या नाहीत. दोघं तसेच बसले. नेलिदा गेल्यापासून आपल्या शेजारी कोणी असं नुसतं बसलं नव्हतं, असं तो म्हणाला. मला हे सांगताना तो माझ्या घरच्या चुलीत बघत होता.

फाटकावर पोचायला त्यांना फार उशीर झाला. बटाट्याच्या मिल्काओ भाकऱ्या दोनदा गार होऊन दोनदा गरम झाल्या होत्या, माझी बायको पुटपुटत होती, यासनाचा चेहरा पांढरा पडला होता. सगळं ऐकून तिने बाईंकडे बघितलं.

"माझाच पाय घसरला," बाई म्हणाल्या. "माझी काही तक्रार नाही."

"आमचीही नाही," एक मित्र तोंड भरून म्हणाला. "पाठ बरी आहे काकांची."

यासनाने श्वास सोडला. "मग काही झालंच नाही."

"झालं," ओनोफ्रे म्हणाला. "कागद काढ. लिही."

"काका, लिहिलं तर गुरुवार जाईल तुमचा."

"माझ्या मागचं माणूस राहिलं आणि मला कळलं नाही. लिही."

"अहो, हट्ट कसला करताय? कोणाला कळणार आहे?"

"पुढच्या वेळी दलदल नसली, कडा असला तर?"

तिने लिहिलं. त्याने कागद घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. त्याला वाचायला वेळ लागतो, सगळे थांबले.

"'थोडा वेळ' नाही. चाळीस मिनिटं. आणि 'मागे राहिल्या' नाही. 'मागे सोडल्या'."

तिने खोडून पुन्हा लिहिलं. ती रडत होती. त्याने खाली सही केली, मोठ्या अक्षरांत. मी त्याला अडवू शकलो असतो. शब्द टाकला असता तर कदाचित त्याने ऐकलंही असतं. मी टाकला नाही. चार मोजून पाच समजणाऱ्याला पुढे ठेवू नये, हे आम्ही दोघं एकाच वाटेवर शिकलो होतो.

गाडीत चढताना बाई त्याच्यापाशी थांबल्या. "आता गुरुवारी काय करणार?"

"पाऊस असला तर घरी."

"आणि नसला तर?"

"तरी घरी."

बाईंनी त्याचा हात धरला. त्याच्या हातावर वाळलेला चिखल अजून तसाच होता. मग गाडी गेली. माझी बायको त्याला म्हणाली, "बसा कोम्पाद्रे, जेवून घ्या." तो बसला, आणि ताटातलं संपवल्याशिवाय उठला नाही.