गोंद लावलेला स्पंज

हसायचं नाही हं. म्हणजे तुम्ही हसणारच, पण आधी चहाचा घोट गिळा आणि मग हसा. माझा शर्ट धुतलेला आहे.

आमचे बायोलॉजीचे सर. यांना गोड्या पाण्यातला स्पंज शोधायचं वेड. जिवंत प्राणी असतो म्हणे, हिरवा, दगडाला खालून चिकटलेला. आजवर एकदाही सापडला नव्हता. म्हणून रविवारी सकाळी अख्खा वर्ग पाषाण तलावावर. आणि मला स्पेशल डोस: "ओंकार, आपण या प्रोजेक्टमध्ये नापास झालात तर अकरावी पुन्हा कराल. म्हणजे मला पुन्हा आपला सहवास. दया करा."

म्हटलं, सापडत नाही ना? मी देतो. घरातला अंघोळीचा हिरवा स्पंज पातळ कापला, चिखल फासला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन काठावरच्या एका दगडाला खालून गोंदाने चिकटवला.

थोड्या वेळाने सरांची हाक. "सगळे इकडे या. हात लावू नका." हातात दगड, दगडावर हिरवं, आणि सरांचा आवाज चक्क कापतोय.

आता गप्प बसायचं की नाही? पण माझ्या पोटात काही राहील तर ना.

"सर, तो माझा आहे."

"काय आपलं आहे?"

"स्पंज. अंघोळीचा. थांबा, दाखवतोच."

आणि ओरबाडला की मी. घाण वास येत होता, पण म्हटलं चिखलाचा असेल. सगळ्यांसमोर मानेवर खसाखसा घासला. भुगा झाला. हाताला उरलेला भुगा झटकून पाण्यात.

मागून वर्गातली सायली म्हणाली, "मग हा कोणाचा रे? याला गोंद लागलाय."

तिच्या हातात माझा स्पंज.

तेवढ्यात मान पेटली. आग, खाज, सगळं एकदम.

सर पाण्याकडे बघत बसले. "खऱ्या स्पंजच्या अंगात काचेच्या बारीक सुया असतात. मायक्रोस्कोपखाली त्या बघूनच जात ओळखतात." मग माझ्या मानेकडे वळले. "हलू नका."

"सर, खाजवू तरी द्या."

"अजिबात नाही. सायली, स्लाइड आण."

भर तलावावर त्या बयेने माझी मान खरवडली. लॅबमध्ये सुया दिसल्या, सर खूश. स्लाइडवर सापडल्याचं ठिकाण काय लिहू, तिने विचारलं. सर म्हणाले, "खरं तेच लिही." आता अख्खं कॉलेज वाचतंय: ओंकारची मान, उजवी बाजू.

नमुना गोळा केला म्हणून सायलीला पैकीच्या पैकी मार्क. मला भोपळा.

मी म्हटलं, "अहो सर, पण मान माझी होती ना?"

"तलावही होताच की," सर म्हणाले. "त्यालाही दिले नाहीत."