डावीकडे नको!

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्या घरी आला तो लखनौच्या अमीनाबाद बाजारातून, बाबांच्या थैलीत मुळ्याच्या जुडीखाली दडून. वार्षिक परीक्षेआधी गेम आणला म्हणून आई आठवडाभर धुसफुसत होती. त्याच्या कॅसेटमध्ये म्हणे निरनिराळे शंभर खेळ होते. प्रत्यक्षात होते सात-आठ, तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्यातला एक फुटबॉलचा.

बाबांना तो खेळ मुळीच जमायचा नाही. बँकेत दिवसभर मान मोडून काम करणारा माणूस, त्याच्या अंगठ्याला ती चपळाई कुठून येणार? त्यांचा खेळाडू मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन रेषेला धडका देत उभा राहायचा. पण सामना बरोबरीत सुटला की पेनल्टी यायची, आणि पेनल्टी मात्र बाबांना फार आवडायची. तिथे पळापळ नाही. एकाने दिशेचं बटण दाबायचं, दुसऱ्याने गोलकीपर कुठे झेपावेल ते ठरवायचं, बस.

म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती. सामना सुरू करायचा आणि दोघांनीही रिमोट सतरंजीवर ठेवून द्यायचे. पडद्यावर बावीस माणसं नुसती उभी. तेवढ्यात आई चहा द्यायची, बाबा चिनहटच्या त्यांच्या शाखेतल्या गमती सांगायचे. चहा संपेपर्यंत शून्य-शून्यवर शिट्टी वाजायची आणि आम्ही सरसावून बसायचो. जगात इतका कंटाळवाणा फुटबॉल दुसरं कुणी खेळलं नसेल.

बाबा नेहमी गोलकीपर. आणि शेवटची पेनल्टी ते जवळजवळ दर वेळी अडवायचे. मी चिडायचो, म्हणायचो, तुम्ही माझा अंगठा बघता. मग मी हातावर टॉवेल टाकून खेळायला लागलो. तरी तेच. शेवटी एकदा त्यांनी गुपित फोडलं. "तू घाबरलास की डावीकडे मारतोस रे. दर वेळी. मला अंगठा बघावाच लागत नाही."

मी तेव्हा नववीत होतो. आम्ही सरोजिनी नगरात राहायचो आणि मोहल्ल्याच्या संघातून मी खराखुरा फुटबॉलही खेळायचो. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असा आमचा शिरस्ता. पण बाहेरही आम्ही चौघांत मराठीच बोलायचो, आणि तेही बेधडक. अमीनाबादेत दुकानदाराच्या तोंडावर बाबा म्हणायचे, "हा भाव चढवून सांगतोय, तू निघायला लाग." लग्नाच्या पंगतीत यजमान समोर उभे असताना आई म्हणायची, "पुऱ्या कच्च्या आहेत, खाऊ नकोस." आणि धाकटी बहीण कुणाच्याही टकलावर मोठ्याने मत द्यायची. कुणाला काय कळतंय! लखनौत आपल्या चौघांखेरीज मराठी समजणारं कुणी नाही, अशी आमची इतकी पक्की खात्री होती की आता आठवलं तरी लाज वाटते.

त्या वर्षी थंडीत आजूबाजूच्या वसाहतींच्या संघांची स्पर्धा होती आणि आम्ही चक्क अंतिम सामन्यात पोचलो. बाबांनी मला मैदानावर खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. चिनहट म्हणजे शहराचं दुसरं टोक. स्कूटरवरून ते घरी यायचे तेव्हा अंधार झालेला असायचा आणि रविवारी बिचारे झोप काढायचे. पण या वेळी मी हट्टच धरला. जेवताना, चहा पिताना, दाढी करताना त्यांच्या मागे लागलो. "तुम्ही यायचंच, बाबा. मी पेनल्टी घेणार आहे." इतका पिच्छा पुरवला की शनिवारी रात्री आईच म्हणाली, "जा हो एकदा, नाहीतर हा जेवू द्यायचा नाही."

रविवारी अकराच्या सुमाराला धुकं विरळ झालं आणि बाबा आले. मफलर, मंकी कॅप, हातात सोललेल्या मोसंब्यांचा डबा. इतरांचे वडील आले नव्हते. मला किती बरं वाटलं होतं ते सांगून पटणार नाही.

समोरचा संघ हवाई दलाच्या वसाहतीचा. सामना शून्य-शून्य सुटला. आमच्या गेममधल्यासारखा आपोआप नव्हे, तर गुडघे फोडून घेऊन. मग पाच-पाच पेनल्ट्या. त्यांचे चार गोल झाले, आमचे तीन, आणि शेवटची किक माझी. मारली तर बरोबरी, चुकली तर सगळं संपलं.

मी चेंडू ठेवला. चुना सांडून केलेल्या त्या ठिपक्यावरून गोल बघितला तेव्हा तो एकदम चिमुकला वाटला. त्यांचा गोलकीपर माझ्याच वयाचा, काटकुळा, सामनाभर "आने दे, आने दे" करत ओरडणारा. घाबरलो तर होतोच. मी डावीकडे मारायचं ठरवलं होतं. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत बाबांचा आवाज आला.

"डावीकडे नको रे! उजवीकडे मार, उजवीकडे!"

मला हसूच आलं. भीती पळाली. अख्ख्या मैदानात ते फक्त मला कळलं होतं. मी उजवीकडे मारली. खाली, जोरात, अगदी खांबालगत. आयुष्यात तितकी सुंदर किक मी पुन्हा मारली नाही. पण गोलकीपर चेंडूच्या आधीच तिथे पोचला होता. चेंडू छातीशी कवटाळून तो मातीत लोळला आणि आनंदाने ओरडला, "आईशप्पथ!"

क्षणभर मला कळेचना. मग लख्ख कळलं. हवाई दलात मराठी माणसं असतात, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

पोरं माझ्याकडे बघत होती. कुणीतरी विचारलं, "यार, उसको पता कैसे चला?" तेवढ्यात बाबा डबा घेऊन माझ्याकडे येत होते, चेहरा पडलेला. त्यांनाही ते "आईशप्पथ" ऐकू गेलं होतं. "अरे, मला काय माहीत..." एवढंच म्हणाले.

मी हिंदीत बोललो. आयुष्यात पहिल्यांदा बाबांशी हिंदीत बोललो, आणि का, ते मला तेव्हाही नीट ठाऊक होतं. सगळ्यांना कळावं म्हणून. हरलो तो माझ्यामुळे नाही, यांच्यामुळे, हे प्रत्येकाच्या कानावर जावं म्हणून.

"आपको बुलाया किसने था? चुप नहीं रह सकते थे? यहाँ अपनी मराठी बोलनी जरूरी थी?"

कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. कुणी हसलं नाही. आमचा कॅप्टन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, एरवी तोंडाचा फाटका, पण तो खाली बघत म्हणाला, "अब्बा से ऐसे बात करते हैं? माफी माँगो।" मी मागितली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना.

मग तो गोलकीपर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता तो बाबांना म्हणाला, "काका, तुमचं ऐकून नाही हो. मी तिकडेच उडी मारणार होतो." धडधडीत खोटं. बाबांनाही ते कळलं असणार. पण त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "छान अडवलास. कुठले तुम्ही?" तो म्हणाला, सातारा. "साताऱ्यात कुठे?" असं विचारत बाबांनी डबा उघडला आणि मोसंब्याच्या फोडी त्याला दिल्या. एक परका मुलगा माझ्या बाबांशी माझ्यापेक्षा बरा वागला. हे मी तिथेच उभा राहून पाहिलं.

निघताना स्कूटरला किक मारून बाबा म्हणाले, "चलो बेटा, बैठो।" आजूबाजूला पोरं होती.

घरी आईने विचारलं तर म्हणाले, "हरले बिचारे. पण हा छान खेळला हो." मराठीत. मला वाटलं, मिटलं. पुढच्या रविवारी मी गेम लावला, रिमोट खाली ठेवून दोघांनी चहाही घेतला. पेनल्टी आल्या तेव्हा बाबांनी माझे पाचही गोल होऊ दिले. मी सगळे मुद्दाम डावीकडे मारले, ते दर वेळी उजवीकडे झेपावले. मी रिमोट ठेवून दिला. त्यानंतर तो फुटबॉल आम्ही लावला नाही.

मिटलेलं काहीच नव्हतं. घराबाहेर बाबा माझ्याशी हिंदीत बोलायला लागले. फक्त माझ्याशी. आईशी, बहिणीशी पूर्वीसारखंच. अमीनाबादेत स्वेटर घेताना आईला म्हणाले, "रंग बरा आहे," आणि माझ्याकडे वळून, "पसंद है?" रागाने नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे. रागावले असते तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. माझ्या मुलाला चारचौघांत याची लाज वाटते, एवढं त्यांनी समजून घेतलं आणि सांभाळलं. कित्येकदा ओठांवर आलं, बाबा, मराठीत बोला ना. दर वेळी गिळलं. दिवस गेले तसं ते बोलणं जास्तच अवघड झालं.

बारावीनंतर मला पुण्याला प्रवेश मिळाला. बाबा चारबागला सोडायला आले. डब्यात सगळी मराठी कुटुंबं, जिकडेतिकडे "पिशवी वर टाक", "पाणी घेतलंस का" चाललेलं. आणि त्या गर्दीत खिडकीच्या गजांना धरून बाबा मला सांगत होते, "सामान का ध्यान रखना। पहुँचते ही फोन करना।" मी "जी" म्हणालो. गाडी सुटल्यावर समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "शेजारी होते का रे ते? भले दिसतात." "बाबा आहेत," मी एवढंच म्हणालो आणि तोंड फिरवलं. कानपूर येऊन गेलं तरी रडं थांबत नव्हतं. त्या बाईंना वाटलं, पोरगं पहिल्यांदाच घर सोडतंय.

पुण्याला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या एसटीडी बूथमधून फोन लावला. बूथला दार नव्हतं. माझ्यामागे पाच-सहा माणसं खोळंबली होती, त्यातला एक जण माझ्या खांद्याला जवळजवळ टेकलेला. फोन बाबांनीच उचलला.

"बाबा, पोचलो," मी म्हणालो.

हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आसपास कोई है?"

"कुणी नाही, बाबा."

"जेवलास का रे?" बाबा म्हणाले.