मुरूम लागेपर्यंत

माझ्या आत्याच्या यजमानांइतका मातीवर जीव लावलेला माणूस भोकर तालुक्यात झाला नाही आणि, आत्याच्या मते, होऊही नये. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. माती परीक्षणाच्या सरकारी कचेरीत शिपाई म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली; साहेब बदलत राहिले आणि मामा जागच्या जागी विद्वान होत गेले. लग्नाला गेले की मांडवामागं जाऊन आधी ढेकूळ फोडायचे, वास घ्यायचे, चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि मगच अक्षता हातात घ्यायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही देगलूरला गेलो, तेव्हा मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या रानात पाणी किती दिवस थांबतं?” मुलगा बँकेत होता. बिचारा घामाघूम झाला. पावसाळ्यात कुणी चिखलाला नावं ठेवली तर ते मनापासून दुखावत. “अरे, हा दगड होता. जमिनीच्या पोटातून तापून वर आला, थंड झाला, उन्हापावसानं झिजून माती झाला. लाखो वर्षं लागली. अन् तू बूट पुसायला कुरकुर करून राहिला?” त्यावर आतून आत्या म्हणे, “लाखो वर्षं झाली असतील, पण फरशी मी आत्ताच पुसली हाय.”

चार वर्षांपूर्वी गावच्या शाळेला नवी खोली मंजूर झाली. तीन फूट पाया खणून ठेकेदार दगड भरायला निघाला, तेव्हा मामा त्या चरात उतरले आणि बसलेच.

“ही काळी हाय. पावसात फुगती, उन्हात आकसती. भिंत उलून जाईल. मुरूम लागेपर्यंत खणा.”

सरपंच म्हणाले, “मामा, वर या. पोरं हसून राहिलीत.”

“हसू द्या. उद्या त्याच भिंतीखाली बसणार हायेत.”

दुपार झाली तरी ते उठेनात. कुणीतरी चहा आणला, तो त्यांनी चरातच घेतला. मग, लग्नाआधीचं, आत्यालाही कधी न सांगितलेलं, हळू आवाजात सांगितलं. लातूरकडच्या त्यांच्या गावी घर दगडमातीचं, वर मातीचं जाड माळवद. ते गळू नये म्हणून दरसाल वर नवी माती पडायची. “भूकंप झाला त्या साली मीच टाकली. बाप म्हणला, धा पाट्या टाक. मी ईस टाकल्या. धाकटी बहीण आत निजली होती.”

  सरपंच ठेकेदाराकडं वळून एवढंच म्हणाले, “खणा.”

सात फुटांवर मुरूम लागला.

मामा आता नाहीत. मला आठवतो तो खोलीच्या उद्घाटनाचा दिवस. बाहेर पाहुण्यांची भाषणं रंगली होती आणि मामांचा पत्ता नव्हता. शोधत आम्ही खोलीत गेलो, तर ते एकटेच, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसलेले. मी हाक मारणार, तोच आत्यानं माझा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून ह्यांना असं टेकून बसलेलं मी कधी बघितलं न्हाई.”