पांढरी पाचच्या तारा

बेस गिटारच्या चार तारा निवडायला मला आयुष्यात कधी दोन मिनिटांच्या वर वेळ लागला नव्हता. दुकानात जायचं, सगळ्यात जाड सेट मागायचा, घरी येऊन चढवायचा, विषय संपला. यंदा दोन महिने लागले. आणि त्या दोन महिन्यांत माझी बायको पुन्हा गाईल की नाही, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमचा बेस गिटार जपानी, जवळपास माझ्याच वयाचा. दर खंडेनवमीला बायको त्याला हळदकुंकू लावते, ते खुंट्यांच्या खाचांत कायमचं बसलंय. विट्याच्या ऑर्केस्ट्रात मी तो पंचवीस वर्षं वाजवला आणि ती गायली. ती मेढ्याकडची. गायला आली आणि तिथंच आमचं जमलं.

तेव्हा मला एकच पट्टी वाजवता यायची, पांढरी सहा, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर हाच सा. मोकळ्या तारेवर सा धरायचा आणि त्या तारेच्या आजूबाजूला बोटं फिरवायची, एवढीच आपली विद्या. तिची पट्टी पांढरी पाच, म्हणजे माझ्याहून एक सूर खाली. मी दुसरी बोटं शिकायला हवी होती. पण कीबोर्डवाला म्हणाला, बाईचा आवाज काळी पाचमध्ये चमकतो, पब्लिक शिट्ट्या मारतं. झालं! काळी पाच माझ्या पट्टीहून अर्धाच सूर वर, म्हणून मी चारी तारा अर्ध्या सुरानं वर ताणल्या. बोटं जिथल्या तिथं आणि सूर वर. काय डोकं चालवलं, म्हणून मी आठवडाभर मिरवलो. तिला तिच्या जागेवरून दीड सूर वर यावं लागलं, याचं मला काहीच वाटलं नाही. ती आली. जत्रांमधून शिट्ट्याही भरपूर मिळाल्या, ते काही खोटं नाही.

गेल्या वर्षी कऱ्हाडला एका निवृत्तीच्या कार्यक्रमात तिचा आवाज मधेच फाटला. पुढं तो घोगराच राहिला. त्याच सुमारास बेसची दांडी वाकली. तारा दांडीपासून एवढ्या वर आल्या की दाबताना माझ्या बोटांना घट्टे पडले. दांडीच्या पोटात एक सळई असते, ती पिळून दांडी सरळ करायची असते. मी पिळत गेलो, ती शेवटाला जाऊन अडली. मी तापट माणूस. बेसवर चिडलो, हवेवर चिडलो आणि तिच्यावरही चिडलो. रियाज करत नाहीस, फ्रिजमधलं पाणी पितेस, चिंच खातेस, असं सगळं तिच्या माथी मारलं. ती ऐकून घ्यायची.

शेवटी मिरजेला गेलो. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात म्हणाले, वर्षानुवर्षं आवाज ताणल्यानं येतात. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर बघू. पुन्हा पूर्वीसारखंच गायल्या तर मात्र आवाज हाती राहील याची खात्री नाही. मी विचारलं, मग पूर्वीसारखा चढा आवाज कधी लागेल? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. ती फरशीकडे बघत होती.

मिरजेला आलोच आहोत तर, म्हणून बेस गाडीत घेतला होता. तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांकडे तो नेला. विजेच्या वाद्याला आपण हात लावत नाही म्हणाले, पण लाकूड बघून त्यांना राहवलं नाही. मांडीवर घेऊन, एक डोळा मिटून त्यांनी दांडीवरून नजर फिरवली आणि विचारलं, हे कुठल्या पट्टीत लावता? मी छाती काढून सांगितलं, काळी पाच.

त्यांनी बेस हळूच खाली ठेवला. एवढा ताण या दांडीनं इतकी वर्षं कसा सोसला, याचंच त्यांना नवल वाटलं. आता मऊ तारा बसवा म्हणाले, कमी ओढीच्या, आणि त्याही उतरवून पांढरी पाचला लावा. दांडी आपोआप थोडी बसेल, पण पुरती सरळ होईल असं नाही. मी वाद घालायला लागलो. तारा लोंबतील, आवाजात दम राहणार नाही, आणि पांढरी पाचमध्ये ऐकणार कोण?

डॉक्टरांनी बोलायची बंदी घालून तासही झाला नव्हता. माझ्या मागून तिचा फाटका आवाज आला.

"पांढरी पाच माझी हाय."

मी वळलो.

"पंचवीस वर्सांत इचारलं का कवा, दुखतंय का म्हणून?"

खरं सांगतो, आधी मला रागच आला. परक्या माणसासमोर! लाज वाटली ती गाडीत बसल्यावर, तासगावच्या अलीकडे.

मग ताराशोध सुरू झाला. गुळगुळीत तारा मऊ असतील असा माझा समज होता, तर त्यांतल्या कितीतरी जास्तच ओढतात. किती ओढ आहे हे पाकिटामागं छापलेलं असतं, मी ते जन्मात वाचलं नव्हतं. आणि एवढं होऊनही पहिला सेट मी मागवला तो मऊच, पण काळी पाचला चढवला तरी टिकेल असा. असावी सोय, म्हणून. पाकीट दिवाणावर होतं. तिनं ते उचललं, उलटसुलट बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जागच्या जागी ठेवून ती आत गेली. तिला बरोबर कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तो परत केला आणि सगळ्यात कमी ओढीचा सेट मागवला.

आता तो बसलाय. पांढरी पाचला लावलाय. जोरात छेडलं की तार दांडीवर आपटून खरखरते, म्हणून माझ्यासारख्या धसमुसळ्यालासुद्धा हळू वाजवावं लागतं. दांडी थोडी बसली आहे.

सहा आठवडे संपले. दिवसातून पाच मिनिटं, खालच्या सुरात गायला डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या दिवशी सकाळी मी बेस घेऊन बसलो. ती मेथी निवडत होती. मी सा धरला आणि म्हणालो, तुझीच पट्टी आहे, गा की. ती म्हणाली, आज न्हाई. मग कधी, असं मी विचारलं आणि माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला. ते मी ठरवीन, म्हणाली, तवर तुमी वाजवा.

मी रोज सकाळी वाजवतो. ती ऐकते, गात नाही. काल मात्र वाजवता वाजवता बघितलं तर तिनं मेथीची जुडी खाली ठेवली होती आणि गळ्यावर हात ठेवून ओठ मिटूनच ती सुराला सूर लावून बघत होती. ऐकू येईल न येईल एवढाच आवाज. मग ती थांबली. मी तारेवर हात ठेवून ती बंद केली.

"दुखतंय का गं?"

तिनं गळ्यावरचा हात काढला.

"आता इचारताय," म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.